लाईन, टँकर आणि रिले: एका ड्रायव्हरच्या तीन नोकऱ्या आणि झोपेचा हिशोब

ड्रायव्हरची नोकरी बघताना आपल्याकडं दोनच गोष्टी विचारतात, पगार किती आणि घरी कधी येणार. घरची माणसं दुसरं जास्त विचारतात आणि ते बरोबरच आहे. पण मी सिन्नरला ट्रान्सपोर्टमधे मालाला गाड्या लावून द्यायचं काम करतो, रोज ड्रायव्हरांची तोंडं बघतो, आणि माझ्या दाजींचं सगळं प्रकरण जवळून बघितल्यावर माझं पक्कं मत झालंय की आधी तिसरीच गोष्ट विचारायला पाहिजे, सलग झोप किती तास मिळणार आणि ती दिवसाची की रात्रीची. दाजींनी तीन प्रकारच्या गाड्या चालवल्या. पहिल्या नोकरीत महिना महिना घराचं तोंड दिसायचं नाही, दुसरीत रोज घरी यायचे, आणि जीवावर बेतलं ते दुसऱ्या नोकरीत. हे कसं झालं ते सविस्तर लिहितोय, ज्यांच्या घरात ड्रायव्हर आहे त्यांना कामाला येईल. दाजींना आणि ताईला विचारून लिहितोय, मालकांची आणि कंपन्यांची नावं टाकत नाही.

लाईनची गाडी

दाजी सिन्नर तालुक्यातले, गाव संगमनेरच्या बाजूला. पोरवयात क्लीनर म्हणून गाडीवर चढले, मग लायसन, मग दहा चाकी, मग बारा चाकी. कितीतरी वर्षं ते लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीवर होते, लासलगाव-पिंपळगावचा कांदा कलकत्त्याला न्यायचे. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा रस्ता, अठराशेच्या आसपास किलोमीटर. व्यापाऱ्याला माल चौथ्या दिवशी पोचायला हवा असतो कारण कांदा आहे, ताडपत्रीखाली गरम झाला की गोणीला पाणी सुटतं आणि मग भाड्यातून कापाकापी.

सुरुवातीच्या काळात गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवायचा नियमच होता. एक चालवतोय तोवर दुसरा मागच्या फळीवर आडवा. हलत्या गाडीतली झोप काही खरी झोप नाही, पण पाठ टेकायची, डोळा लागायचा, आणि मुख्य म्हणजे पहाटे झापड आली तर हाक मारायला माणूस होतं. २०१८ मधे तो नियम निघाला. मालकानं दुसरा ड्रायव्हर बंद केला, पुढं क्लीनरपण गेला. मालकाला मी एकट्याला दोष देणार नाही, दोन गाड्यांचा माणूस, दोन्हींवर हप्ते, डिझेल वाढलेलं आणि भाडं तिथंच. पण दोघांची झोप ज्या कामातून निघायची ते काम आता एकट्यावर आलं आणि पोचायचे दिवस तेवढेच राहिले.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. गाडी निघते रात्री नऊ-दहाला, पण ड्रायव्हर सकाळपासून मार्केटात उभा असतो. लिलाव होणार, माल खळ्यावर जाणार, निवड होणार, गोण्या भरणार, मग गाडी काट्यावर, मग ताडपत्री आणि रस्सी. या सगळ्यात त्याला झोपता येत नाही कारण गाडी कधीपण पुढं घ्यायला सांगतात. म्हणजे तो स्टेअरिंगवर बसतो तेव्हाच बारा-चौदा तास जागा असतो. हिशोबात मात्र त्याचं काम रात्री दहाला सुरू झालेलं धरतात.

पहिल्या तीन रात्री वाईट जायच्या. ढाब्यावर गाडी लावून चार तास झोप, तीपण एक कान उघडा ठेवून, कारण डिझेल काढून नेतात, ताडपत्री कापतात, बॅटरी नेतात. मग कलकत्त्याला पोचलं की तिथं मोठ्या गाड्या दिवसा शहरात घेत नाहीत, शहराबाहेर धुलागढला थांबायचं, रात्री आत जाऊन गाडी खाली करायची. आणि त्याच्यापुढं मात्र निवांत. रिटर्न भाडं लगेच मिळत नाही. दोन दिवस, कधी चार दिवस, कधी तर रायपूरपर्यंत रिकामी यायची आणि तिथून सळई भरायची. मालकाचं नुकसान व्हायचं आणि दाजी घरापासून अजून लांब पडायचे, पण त्या थांबण्यात ते आठ-आठ, दहा-दहा तास सलग झोपायचे. शरीर थोडंफार वसूल करायचं.

वीस-पंचवीस दिवसांनी घरी यायचे आणि तीन-चार दिवस राहायचे. पहिला दिवस झोपेतच जायचा. धाकटी पोरगी लहान असताना त्यांच्याजवळ जायचीच नाही, दाराआडून बघायची. ताई सांगते, घरात सगळ्यांना दबक्या आवाजात बोलायची सवय लागली होती. सासऱ्यांच्या दहाव्याला दाजी पोचले नाहीत, ओडिशात होते. ही नोकरी सुटावी असं ताईला वाटायचं ते त्या दिवसापासून जास्त.

कायदा म्हणाल तर कायदा होताच. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांबच्या रूटला परवानगी काढून १० आणि ५४ पर्यंत. पाच तासांनी अर्धा तास विश्रांती, एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तासांचा आराम, आठवड्याला सुट्टी. आता तो २०२० च्या श्रमसंहितेत गेला. पण तो लागू होता पाच आणि त्याच्यापेक्षा जास्त कामगार असणाऱ्यांना, आणि रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या एक-दोन गाड्यावाल्यांच्या. दाजींच्या मालकाकडं दोन ड्रायव्हर, म्हणजे कायद्याच्या बाहेर. माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाची मुदत ठरवताना २०२१ पासून दिवसाला २०० किलोमीटर धरतात, त्या हिशोबानं कलकत्त्याला नऊ दिवस होतात. कांद्याला ते बिल लागत नाही हे खरं, पण सरकारच्या एका कागदाला २०० किलोमीटर पुरेसे वाटतात आणि बाजाराला रोज ५०० हवे असतात, या दोन्हींच्या मधे ड्रायव्हरची झोप जाते. अमेरिकेत निदान गाडीच्या इंजिनालाच इलेक्ट्रॉनिक नोंद जोडलेली असते, सलग १० तासांच्या आरामानंतर ११ तासांच्या वर चालवता येत नाही. तिथले ड्रायव्हरपण कमी थकत नसतील, पण किती वेळ चालवलं हे लपत नाही.

रोज घरी आणणारा टँकर

मग संगमनेरच्या बाजूला एका चिलिंग प्लँटवर दुधाच्या टँकरला ड्रायव्हर पाहिजे असं कळलं. दोन टँकर असलेला मालक, मुंबईच्या डेअरीला रोज दूध. पगार २२ हजार, लाईनवर भत्ता वाचवून पडायचे त्याच्यापेक्षा कमी, पण रोज घरी. ताईनं नारळ फोडला. मलापण बरं वाटलं, खरं सांगतो, त्या दिवशी आम्हाला कुणाला यात काही धोका दिसला नाही.

रोजचा दिवस असा. संध्याकाळी सातला प्लँटवर हजर. गावागावच्या केंद्रांचं दूध येतं, थंड होतं, टँकर भरतो, सील लागतं, दहाला निघायचं. सिन्नर, घोटी, इगतपुरी, कसारा घाट साधारण दीडला, शहापूर, भिवंडी, आणि चारच्या सुमाराला डेअरीच्या गेटवर. तिथं लाईन. नंबर आला की सँपल, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचा घन भाग) लागणार, मग खाली होणार, मग टाकी धुणार. या लाईनीत केबिनमधे तासभर डोळा लागायचा पण दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी पुढं घ्यायची. सकाळी आठ-नऊला सुटका. मग ठाणे-भिवंडीचं ट्रॅफिक, आणि घरी पोचायला दोन. जेवण करून तीनला आडवं व्हायचं, साडेसहाला उठून परत प्लँट. आठवड्याची सुट्टी नावाला, कारण म्हशी-गायी रविवारी दूध द्यायच्या थांबत नाहीत आणि मालकाकडं जादा ड्रायव्हर नव्हता.

म्हणजे दुपारचे साडेतीन तास आणि लाईनीतला तुटक तास-दीड तास. पाच तासांच्या आत, दोन तुकड्यांत, आणि त्यातला मोठा तुकडा भर दुपारी पत्र्याच्या खोलीत. दिवसाची झोप रात्रीपेक्षा कमी आणि उथळ लागते, उजेड, उकाडा, आवाज हे तर आहेच, पण अंगातलं घड्याळच त्या वेळेला जागं राहायला सांगत असतं.

आणि साडेतीन तास तरी कुठले. लाईनवर असताना घरच्यांना आणि गावाला माहीत होतं की माणूस ओडिशात आहे, येऊ शकत नाही. आता माणूस रोज दारात दिसतो. मग कुणाचा साखरपुडा, कुणाचं दहावं, सोसायटीची मीटिंग, पोराच्या शाळेत पालकांना बोलावलंय. शेतीच्या लाईटचं तर विचारू नका. कृषिपंपाला थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात कांद्याला पाणी भरायला कोण जाणार, तर घरी असलेला गडी. दाजी स्वतःच उठून जायचे, कुणी पाठवायचं नाही, इतकी वर्षं घरासाठी काही करता आलं नाही याची टोचणी होती त्यांना. उन्हाळ्यातल्या त्या आठवड्यांत दुपारी त्यांची पाठ दोन तासपण टेकायची नाही.

चार-पाच महिन्यांत फरक दिसायला लागला. वजन वाढलं, चिडचिड वाढली, जेवताना बोलता बोलता थांबायचे आणि पुढचं विसरायचे. एकदा प्लँटवर सीलचा नंबर लिहिताना मागच्या दिवसाचा लिहून आले. ताईला पहिल्यांदा दारूचा संशय आला, ती रडत माझ्याकडं आली होती. दारू नव्हती. घोरतात म्हणून नाशिकला झोपेची तपासणीपण करून घेतली, झोपेत श्वास अडकण्याचा आजार जाड मानेच्या ड्रायव्हरांत असू शकतो आणि माणूस कितीपण झोपला तरी मग थकलेलाच राहतो. त्यात काही निघालं नाही. डॉक्टरनी एकच विचारलं, तुम्ही एकूण झोपता किती. दाजी म्हणाले, झोपतो की, रोज घरी असतो.

शहापूरजवळची पहाट

उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी दुपारी चुलत्यांच्या घरी हळद होती आणि लाईट दिवसाची होती. दाजी झोपले चारला आणि पाच-सव्वापाचला उठले. घाट नीट उतरले, घाटात माणूस सावध असतो, ब्रेक, गिअर, पुढच्या ट्रेलरची लाल लाईट, डोक्याला काम असतं. खाली उतरून रस्ता सपाट झाला, गर्दी संपली, आणि शहापूरच्या अलीकडं अडीचच्या सुमाराला गाडी डाव्या अंगाला सरकायला लागली. दाजींना आठवतं ते एवढंच की एका पुलाचा बोर्ड दिसला आणि पुढची आठवण टायरच्या खडखडाटाची आहे, डावी चाकं डांबर सोडून मुरमावर गेलेली. त्यांनी एकदम स्टेअरिंग ओढलं नाही, हे वर्षांचं चालवणं कामाला आलं, भरलेला टँकर एकदम वळवला तर आतलं दूध एका बाजूला येतं आणि गाडी पलटी होते. ॲक्सिलेटर सोडला, सरळ धरली, हळूहळू वर घेतली. पुढं पन्नास-साठ पावलांवर एक बंद पडलेला टेम्पो उभा होता, त्याच्यामागं माणूस बसून टायर बदलत होता. दाजी खाली उतरले तेव्हा पाय थरथरत होते, त्या माणसाला काही कळलंसुद्धा नव्हतं, त्यानं विचारलं, जॅक आहे का तुमच्याकडं.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर ६५ मीटरच्या वर गाडी कुणीच चालवत नसतं. या चार सेकंदांची आधी काही सूचना मिळते असंपण नाही, माणसाला वाटतं आपण जागे आहोत, डोळे उघडे असतात, मेंदू गेलेला असतो. पहाटे दोन ते पाच हा सगळ्यात वाईट वेळ, अंगाचं तापमान खाली आलेलं असतं, कितीही मुरलेला ड्रायव्हर असो.

दुसऱ्या दिवशी दाजींनी ताईला सांगितलं नाही, मला फोन करून सांगितलं. ‘भाऊ, काल मी गेलो असतो आणि त्या टेम्पोवाल्याला घेऊन गेलो असतो.’ मी रात्री जाऊन ताईला सांगितलं, कारण हे घरात लपवून ठेवायची गोष्ट नाही.

कुठं काय चुकत होतं

मग आम्ही बसून खरा हिशोब केला. कालनिर्णयवर दुधाचं मांडतात तसं ताईनं महिनाभर दाजींची झोप मांडली, किती वाजता पाठ टेकली, किती वाजता उठले, लाईनीतली झोप वेगळी. त्या महिन्याच्या आकड्यांत सलग चार तासांची झोप क्वचितच सापडली. सहा तासांची एकदाही नाही. लाईनवर असताना वाईट रात्री तीन-चार यायच्या पण त्यानंतर भरपाई होती, टँकरवर रोज दोन-तीन तासांची उधारी राहायची आणि फेडायचा दिवस कधी येतच नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मधे दाखवलं होतं की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. नाक्यावर फुंकर मारून दाजी शंभर टक्के पास झाले असते. त्या रात्री त्यांना कुणी अडवलं असतं तर कागद बघून ‘जाऊ दे दुधाची गाडी’ म्हणून सोडलं असतं.

यात मला एक गोष्ट फार लागते. केंद्र सरकारच्या अपघातांच्या वार्षिक अहवालात २०२२ ला देशात १,६८,४९१ माणसं मेली असं आहे. नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, दारू, उलट्या बाजूनं चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाईल असे रकाने आहेत. झोपेचा रकाना नाही. त्या रात्री टेम्पोला धडक बसली असती तर दाजींचं नाव अतिवेगाच्या नाहीतर ‘इतर’च्या रकान्यात गेलं असतं, आणि तो टँकर त्याच वेळापत्रकावर दुसऱ्या ड्रायव्हरला मिळाला असता. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत जवळपास निम्म्या ट्रक ड्रायव्हरांनी कबूल केलं होतं की थकवा आला, झोप आली तरी आम्ही गाडी चालवतो. ज्यांनी कबूल केलं नसेल ते वेगळे. गडकरी साहेबांनी २०२१ मधे ट्रक ड्रायव्हरांचे तास विमानाच्या पायलटसारखे ठरवून द्यायला हवेत असं म्हटलं होतं, झोप ओळखणाऱ्या सेन्सरबद्दलपण बोलले होते. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते चांगलंच झालं, उकाड्यानं येणारा थकवा कमी होईल आणि पार्किंगमधे झोप लागेल. पण जुन्या गाड्या बारा-पंधरा वर्षं रस्त्यावर राहणार, आणि दाजींचं दुखणं केबिनचं नव्हतंच, वेळापत्रकाचं होतं.

नोकरी न सोडता काय होईल ते आधी करून बघितलं. घरात बदल केला, दुपारी पाण्याला दाजींनी जायचं नाही हे ताईनं गावातसुद्धा सांगून टाकलं, खोलीच्या खिडकीला गोणपाट, पंखा आणि फोन ताईकडं. घोटीला पंपावर वीस मिनिटं थांबायला सुरुवात केली. आधी चहा घ्यायचा आणि लगेच डोळे मिटायचे, चहाचा असर यायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात तेवढ्यात जाग येते. वीस मिनिटांच्या वर नाही, कारण गाढ झोपेतून उठवलं की पुढची पंधरा-वीस मिनिटं माणूस सुन्न असतो आणि समोर घाट. याचा उपयोग झाला, नक्की झाला, पण पाच तासांची झोप सहावर गेली एवढंच. तंबाखू, गाणी मोठ्यानं, काच खाली करून वारं घेणं हे सगळं दाजी वर्षानुवर्षं करत आलेले, त्यानं दोन-चार किलोमीटर जातात, झोप जात नाही.

मग मी मालकाकडं गेलो, हिशोब लिहून घेऊन. दोन टँकर, महिन्याच्या ६० फेऱ्या, दोन ड्रायव्हर तीस तीस रात्री मारतात. तीन ड्रायव्हर ठेवले तर प्रत्येकाला वीस, दोन रात्री काम आणि तिसरी घरी. जादा पगार २२ हजार, ६० फेऱ्यांत वाटला तर फेरीमागे ३६५ रुपयांच्या आसपास. टँकर एकदा पलटी झाला तर दूध, गाडी, क्रेन, कोर्ट यात किती जातात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मालक माणूस वाईट नाही, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले डेअरी लिटरमागे वाहतुकीचा रेट वाढवून देत नाही, मी कुठून आणू. नाहीतर सकाळी डेअरीतच तीन-चार तास झोपून मग निघू द्या असंपण विचारलं, पण टँकर सातपर्यंत परत प्लँटला हवा, तो धुवायचा, तपासायचा. वेळापत्रकात एक तासाचीपण फट नव्हती. ते सगळं एका न थकणाऱ्या माणसावर बेतलेलं होतं.

दाजींनी महिन्याची नोटीस देऊन टँकर सोडला.

रिले

आमच्या यार्डाशेजारी पार्सलच्या एका कंपनीचा अड्डा आहे. भिवंडी-नागपूर गाडी, समृद्धीवरून. त्यांनी गाडी थांबवायची नाही, ड्रायव्हर बदलायचे अशी पद्धत ठेवलीय. आपल्या देशात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रिव्हिगो कंपनीनं २०१४ नंतर करून दाखवली, चार-पाच तासांवर एक थांबा, तिथं दुसरा ड्रायव्हर बसणार आणि पहिला उलट्या दिशेची गाडी घेऊन घरी. ती कंपनी पुढं तशी राहिली नाही, पण पद्धत इतरांनी उचलली. समृद्धीचा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ ला सुरू झाला आणि त्यानंतर सिन्नरच्या बाजूला अशी कामं वाढलीत.

दाजी सिन्नरहून गाडी घेतात, जालन्याला देतात, तिथं नागपूरकडून आलेली गाडी घेऊन परत. एका बाजूला दोनशेच्या आसपास किलोमीटर, ट्रकला ८० ची मर्यादा, जाऊन-येऊन सहा तास चालवणं आणि अदलाबदलीचा तास-दीड तास. गाडी भरणं-खाली करणं त्यांच्याकडं नाही, मार्केटातलं उभं राहणं नाही, डेअरीची लाईन नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक हाच, चालवण्याच्या तासांपेक्षा थांबण्याच्या तासांनी त्यांना जास्त मारलं होतं.

म्हणून सगळं छान झालं असं नाही. शिफ्ट तीन, पहाटे ५ ते १, दुपारी १ ते ९, रात्री ९ ते ५, दर आठवड्याला बदल. सुरुवातीला बदल उलटा होता, रात्रीवरून दुपारी आणि दुपारवरून पहाटे, आणि पहाटेच्या आठवड्यात दाजींना चारला उठायचं म्हणून आठला झोप यायची नाही. शरीराला उशिरा झोपून उशिरा उठणं सोपं जातं, लवकर झोपणं जड जातं. चार ड्रायव्हरांनी मिळून सुपरवायझरला सांगितलं, पहाट, मग दुपार, मग रात्र, असा सरळ क्रम लावा, आणि रात्रीच्या आठवड्यानंतर एक पूर्ण दिवस मोकळा द्या. कंपनीला एक रुपया खर्च नव्हता, क्रम बदलला. मोकळा दिवस मिळवायला मात्र तीन महिने गेले.

समृद्धीचा स्वतःचा त्रास आहे. सरळ सिमेंटचा रस्ता, घाट नाही, गाव नाही, सिग्नल नाही, पोट भरलेलं असलं की झोप झालेल्या माणसाचेही डोळे जड होतात. म्हणून दाजी संभाजीनगरच्या अलीकडं एकदा थांबतातच, खाली उतरून टायर हाताळतात, तोंड धुतात. रात्रीच्या शिफ्टला जाताना दुपारी दीड तास झोपून निघतात. हे त्यांनी टँकरवरच्या महिन्यांत शिकून घेतलेलं.

पैसा कमी झाला. हातात २० हजार येतात, लाईनवर भत्त्यातून राहायचे त्याच्यापेक्षा बरेच कमी, आणि थोरल्याचा नाशिकला होस्टेलचा खर्च. ताईनं शिवणाचं मशीन घेतलंय. तिचं म्हणणं सरळ आहे, आता हे दिवसा घरात असले तरी अंगणात बसून पोरीशी बोलतात, आधी घरात असूनपण नव्हते. पण रात्रीच्या आठवड्यात आणि दिवसाची लाईट एकत्र आली की पाण्याला मजूर लावावा लागतो, तो खर्च तिनं घरखर्चातच धरलाय.

दिवाळीच्या गर्दीत कंपनीनं डबल मारायला सांगितलं, म्हणजे जालन्याहून परत आलं की लगेच दुसरी फेरी, वर जादा पैसे. दोन पोरांनी मारली. दाजींनी नाही म्हटलं, आणि दोन फेऱ्यांत नऊ तासांचं अंतर ठेवायचं असं यार्डाच्या रजिस्टरला लिहून घ्यायला लावलं. मॅनेजर नाराज झाला, आठवडाभर बोलला नाही, पण लिहिलं.

त्या दुधाच्या टँकरवर आता विशीतला एक पोरगा आहे, संगमनेरशेजारच्या अकोले तालुक्यातला. तोपण रोज घरी येतो, बायको गरोदर आहे म्हणून त्याला हीच नोकरी हवी होती. दाजी आणि मी मिळून त्याला जाऊन भेटलो, घोटीचा पंप दाखवला, चहा आणि वीस मिनिटं समजावून सांगितली, शहापूरची जागापण सांगितली. मालकाला तोच तीन ड्रायव्हरांचा कागद परत दिलाय, या वेळेला सोबत डेअरीच्या वाहतूक विभागाला द्यायचं पत्रपण लिहून दिलं, फेरीमागे साडेतीनशे वाढवून मागणारं. त्यांनी सही केली. डेअरीकडनं काय येतंय त्याची वाट बघतोय, तोवर अधूनमधून एक रात्र त्या पोराऐवजी दाजी टँकर नेतात, म्हणजे त्या पोराला ती रात्र पूर्ण झोपता येतं.